नाव, ठिकाण, वार

‘ऑफ अँड ऑन’ म्हणजे काय, हे सरांनी मला चार दिवस सांगितलं नाही. मी पुस्तकात बघून पहिल्याच दिवशी अर्थ पाठ करून गेले होते. ‘अधूनमधून’ असं खड्या आवाजात म्हटलं, तर त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीला पुसला आणि विचारलं, “कोण?”

“कोण म्हणजे?”

“अधूनमधून कोण? माणूस आणा. अर्थ काय, छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यालाही पाठ असतो. नाव, ठिकाण, वार. एवढं आणाल त्या दिवशी हा वाक्प्रचार तुमचा. तोवर तो पुस्तकाचा.”

मला असा राग आला! लालबागहून ट्रामनं गिरगावात यायचं, सहा परक्या माणसांत अंग चोरून बसायचं आणि वर माणसं गोळा करत हिंडायचं. पाचव्या दिवशी चिडूनच सांगितलं, आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ बायकोशी अधूनमधून बोलतात, शेवटचे रविवारी बोलले. वर्गातले सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि त्या गृहस्थांचं नाव, लालबाग, रविवार, असं मोत्यासारख्या अक्षरात रजिस्टरमध्ये उतरवून घेतलं. तो वाक्प्रचार मी आजतागायत विसरलेले नाही.

त्यांच्याकडे जायची पाळी का आली, तेही सांगून टाकते. मी मॅट्रिक झाले होते, टायपिंगची परीक्षा पास होते, आणि तरी फोर्टातल्या एका कंपनीत माझी पुरती फजिती झाली होती. मुलाखत संपल्यावर तिथला साहेब गोड हसून म्हणाला, “वी शॅल कीप यू इन माइंड.” ठेवतो म्हणाला, एवढं मला कळलं. घरी येऊन नोकरी लागल्याचं सांगितलं, वडिलांनी मिलमधून येताना पेढे आणले, आईनं ते मजलाभर वाटले. सोमवारी नवं पातळ नेसून मी कामावर हजर! पट्टेवाल्यानं दारातूनच परत पाठवलं. पेढे खाल्लेली माणसं नंतर महिनाभर माझ्याकडे इतक्या मायेनं बघायची, की जिना उतरणं नको व्हायचं. इंग्रजी शब्द येणं वेगळं आणि ते चारचौघांत एकत्र आले की काय करतात ते कळणं वेगळं, हे मला तेव्हा समजलं. कुणीतरी सरांचं नाव सांगितलं.

सर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. बॅलार्ड पियरच्या एका जहाज कंपनीत त्यांनी तीस वर्षं रेकॉर्डरूम सांभाळली होती. ठाकूरद्वारच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सहा माणसं बसली की सातव्यानं उंबरठ्यावर टेकायचं. धोतरावर ऑफिसचा काळा कोट चढवल्याशिवाय ते शिकवायला बसत नसत, मे महिन्याच्या घामातसुद्धा. कोट अंगात नसताना काही विचारलं, तर शांतपणे म्हणायचे, “ऑफिस बंद आहे.” एकदा काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आतून विचारलं, “भाताला आधण ठेवू का?” तर त्यांनी आधी कोट चढवला, मग ‘ठेवा’ म्हटलं. काकू आम्हाला म्हणाल्या, “बघा हो, लग्न लागताना तेवढा कोट नव्हता, म्हणून फसले.”

त्यांचं ते रजिस्टर कंपनीच्या एका बोटीसाठी बांधून घेतलेलं होतं. बोट पहिल्याच फेरीत बुडाली आणि रजिस्टर कोरं राहिलं. ते साहेबाकडून मागून त्यांनी घरी आणलं होतं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला इंग्रजीत लिहिलेलं होतं, ‘यात न घडलेलं काहीही नाही.’ पानावर सहा रकाने: वाक्प्रचार, अर्थ, नाव, ठिकाण, वार, आणि शेवटी आणणाऱ्याचं नाव. आम्हाला ते हाताळायला मिळत नसे. त्या दिवसाचं पान ते स्वतः उघडत आणि स्वतः मिटत. “ओला हात, शाईचा हात आणि मत्सराचा हात, तिन्ही कागदाला वाईट,” असं त्यांचं म्हणणं.

‘टु ब्लो वन्स ओन ट्रम्पेट’ला, म्हणजे स्वतःची टिमकी वाजवण्याला, आम्ही चौघांनी चाळीतल्या एकाच पुढाऱ्याचं नाव आणलं. सरांनी पहिल्याचं घेतलं, बाकीच्यांना परत पाठवलं. एका माणसाचं नाव एकदाच घ्यायचं, हा नियम. ‘टु मेक बोथ एंड्स मीट’ म्हणजे कशीबशी हातातोंडाची गाठ घालणं. तो आला त्या दिवशी सगळ्यांनी एकदम हात वर केले. सरांनी आमच्याकडे नीट बघून घेतलं आणि रजिस्टर मिटलं. “हा नोंदवायचा तर मतदारयादीच चिकटवावी लागेल,” म्हणाले. तो रकाना तसाच कोरा राहिला.

वर्ग चुकला की घरी पोस्टकार्ड यायचं. त्यावर खुशाली नाही, सही नाही, फक्त एक वाक्प्रचार. मी तापानं पडले तेव्हा ‘अंडर द वेदर’, म्हणजे प्रकृती बरी नसणं, असं कार्ड लालबागला आलं. आमचे वडील मालवणकडचे, मिलमध्ये साच्यावर. इंग्रजी कार्ड बघून त्यांची पाचावर धारण बसली. “ह्या काय ता? सरकारी कागद आसा काय गो?” म्हणत ते तसेच मिलच्या टाइमकीपरकडे गेले. त्यानं वाचून सांगितलं, हवामान खात्याचं दिसतंय. वडिलांनी परत येऊन खिडक्या लावून घेतल्या.

पण एक गोष्ट सांगते, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्यातला एकजण ‘टु टर्न ओव्हर अ न्यू लीफ’ला आपल्या मामाचं नाव घेऊन आला. मामानं दारू सोडली, घोडपदेव, बुधवार. सरांनी नोंद केली. रविवारी सर कोट घालून गिरगावातून घोडपदेवला चालत गेला, पत्ता विचारत मामाचं दार ठोठावलं. दार उघडणारा मामा भिंतीला धरून उभा होता! सर परत आले, तांबड्या शाईनं त्या नोंदीवर काट मारली, बाजूला ‘रद्द’ लिहिलं आणि त्या विद्यार्थ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. “भाचा खोटं बोलला याचं मला काही नाही,” ते आम्हाला म्हणाले, “पण माझं रजिस्टर चार दिवस खोटं बोलत होतं.” आम्ही ट्राममध्ये त्यांची नक्कल करून हसत आलो. तेव्हा हसायला काय जात होतं आमचं!

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. गल्लीच्या तोंडाशी रोज सभा, सकाळी प्रभातफेऱ्या, मध्येच संचारबंदी, मध्येच अश्रुधूर. सर कधी सभेला गेले नाहीत. गॅलरीत उभे राहून ऐकत आणि आत येऊन म्हणत, “आज ‘टु ईट वन्स वर्ड्स’ मिळाला.” एखाद्या वक्त्यानं कालचं बोलणं आज गिळलेलं असायचं. खरं सांगायचं तर चळवळीनं त्यांच्या रजिस्टरची चंगळ केली होती. पानंच्या पानं भरत होती, आणि त्यात नावं होती, ठिकाणं होती, वार होते. हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. सरांच्या तर नाहीच.

आमच्यात सदा म्हणून एकजण होता. सरकारी कचेरीत आवक-जावकला कारकून. वडील गेलेले, घरी आई आणि लग्नाच्या दोन बहिणी, सगळं त्याच्या नोकरीवर. सरकारी नोकरांना चळवळीत पाऊल टाकायची बंदी होती, म्हणून तो मान खाली घालून वर्गाला यायचा आणि तशीच घालून घरी जायचा. एका मंगळवारी ते जमलं नाही. वर्गाच्या आधी मी शेजारच्या चाळीत मावशीकडे गॅलरीत उभी होते. खाली पळापळ झाली आणि अश्रुधुराचं एक नळकांडं थेट चाळीच्या बोळात येऊन पडलं. बोळात म्हातारीकोतारी माणसं बसलेली. वर्गाला निघालेल्या सदानं नळाखाली पडलेलं ओलं गोणपाट उचललं, त्यात ते धुमसणारं नळकांडं गुंडाळलं आणि पाण्याच्या पिंपात बुडवलं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. खांद्यावर बसल्यावर माणूस गप्प कसा राहणार? त्यानंही घोषणा दिल्या.

त्या संध्याकाळी सरांनी विचारलेला वाक्प्रचार होता, ‘टु टेक द बुल बाय द हॉर्न्स’. संकटाला थेट शिंगावर घेणं. मी कुणी काही बोलायच्या आत उठले आणि सदाचं नाव घेतलं. सदा तिथेच बसला होता, कानापर्यंत लाल झाला. आता लपवण्यात काय अर्थ आहे, मला तो आवडत होता. त्याचं कौतुक मराठीत करायची माझी छाती नव्हती, इंग्रजीत झाली. वाक्य भारदस्त व्हावं म्हणून मी ‘मोर्च्याच्या अग्रभागी’ हेही जोडलं. खोटं नव्हतं, खांद्यावरचा माणूस पुढेच दिसतो. सरांनी सगळं लिहून घेतलं. शेवटच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. मी त्या रात्री आनंदात झोपले.

पंधरवड्यानं आम्ही वर्गाला गेलो तर टेबलावर रजिस्टर नव्हतं. सर मात्र कधी नव्हे इतके खुशीत. सकाळी एक गृहस्थ आले होते. चाळीत पत्रकं सापडली म्हणून खोल्या बघत होते, कुठल्या खात्याचे ते काही बोलले नाहीत. रजिस्टर बघून उभेच राहिले म्हणे. अक्षराची तारीफ केली, पद्धतीची केली. आपली मुलगी मॅट्रिकला आहे, तिला दाखवायला दोन दिवस न्यावं का, असं अदबीनं विचारलं. “तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, की याचं पुस्तक व्हायला हवं,” सर म्हणाले. ज्या रजिस्टरला आम्हाला बोट लावू दिलं नाही, ते त्यांनी एका अनोळखी माणसाला वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं होतं. सदानं फक्त एकदा माझ्याकडे बघितलं.

पुढच्या आठवड्यात सदाच्या हातात निलंबनाचा कागद पडला. चौकशी लागली. नोंद आणणारी म्हणून मला बोलावणं आलं, लिहिणारे म्हणून सरांना.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी सर लालबागला आमच्या घरी आले. अंगात कोट नव्हता, मी क्षणभर ओळखलंच नाही. आईनं दिलेला चहा त्यांनी हातात तसाच धरून ठेवला.

“तुम्ही एवढंच सांगायचं,” ते म्हणाले, “की वाक्य सरांनी घातलं, मी फक्त म्हणून दाखवलं. घडलेलं काही नाही.”

“पण सर, तुमच्या रजिस्टरवर लिहिलंय की...”

“ते माझ्यावर सोडा.”

सदाच्या कचेरीतली ती खोली मला अजून दिसते. उंच छत, कुरकुरणारा पंखा, टेबलामागे चौकशी अधिकारी. मराठीच होता, सभ्य होता, आवाज चढवत नव्हता. त्यामुळे जास्तच भीती वाटली. सदा एका बाजूला उभा, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. मी शिकवल्याप्रमाणे बोलले. अधिकाऱ्यानं मान डोलावली आणि सरांकडे वळला.

“हे वाक्य खोटं आहे?”

“होय.”

“आत तर लिहिलंय, यात न घडलेलं काहीही नाही. अक्षर तुमचंच ना?”

“माझंच. भारदस्त दिसावं म्हणून लिहिलं.”

“म्हणजे एवढीच एक नोंद खोटी, आणि ती नेमकी या माणसाची?”

“नाही. सगळंच खोटं आहे. वाक्यात वापरून दाखवायला मी नावं रचली.”

अधिकाऱ्यानं पानं चाळली. “घोडपदेवचे हे गृहस्थ. इथे काट मारून रद्द लिहिलंय. खोट्या वहीत रद्द कशासाठी करायचं?”

“बाकीचं खरं वाटावं म्हणून.”

ज्या माणसानं त्या एका नोंदीसाठी घोडपदेवपर्यंत पायपीट केली होती, तो हे बोलत होता. मला त्यांच्याकडे बघवेना. अधिकाऱ्याचा अर्थातच विश्वास बसला नव्हता. त्यानं रजिस्टर पालथं घातलं, सरळ केलं आणि अगदी पहिलं पान उघडलं. आम्ही कुणी ते कधी पाहिलेलं नव्हतं.

“‘द अ‍ॅपल ऑफ वन्स आय’,” त्यानं वाचलं. “अर्थ, जीव की प्राण. कुमुद, माझी मुलगी. ठाकूरद्वार. शुक्रवार. आणणाऱ्याचं नाव, कुमुद.” मग वर बघितलं. “ही तुमची मुलगी?”

पंखा कुरकुरत होता. सरांनी कोटाचं खालचं बटण घट्ट धरलं होतं.

“अशी कुणी मुलगी नाही,” ते म्हणाले.

“नाही म्हणजे? आता नाही?”

“नव्हतीच. मला मूलबाळ झालं नाही. उदाहरणासाठी एक नाव घेतलं.”

हे त्यांनी इतक्या सपाट आवाजात सांगितलं, की अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि रजिस्टर मिटलं. त्यांच्या घरात मी कधी मूल पाहिलेलं नव्हतं, कुणी तसं बोललंही नव्हतं. निदान एवढं तरी ते खरं बोलले, या विचारानं मला चक्क हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला इतक्या वर्षांनीही टोचतं. अधिकाऱ्यानं रजिस्टरच्या पहिल्या पानावर ‘सर्व नोंदी काल्पनिक’ असं लिहायला लावलं आणि खाली सही घेतली. सरांनी सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.

सदाला ताकीद देऊन कामावर परत घेतलं. काही महिन्यांनी त्याची दुसऱ्या गावी बदली झाली. जाताना तो भेटायला आला आणि जिन्यात उभं राहून ट्रामच्या गर्दीबद्दल बोलत राहिला. मीही ट्रामबद्दलच बोलले.

वर्ग पुन्हा भरला, पण रजिस्टर कधी टेबलावर आलं नाही. “लिहून घ्या,” म्हणून सर छापील पुस्तकातून अर्थ सांगायचे. तासाला तीस-तीस वाक्प्रचार व्हायला लागले. नवीन आलेल्या मुलांना ते फार सोयीचं वाटलं. त्यातलाच एक मला विचारत होता, पूर्वी म्हणे इथे माणसं आणायला लावायचे, खरं का? मी म्हटलं, कुणी सांगितलं तुला! हळूहळू सरांनी शनिवार बंद केला, मग बुधवार, आणि एक दिवस दार आतून लावलेलं दिसलं. त्याच तीस-तीस वाक्प्रचारांच्या जोरावर मला फोर्टात नोकरी मिळाली, हेही कबूल केलं पाहिजे.

नोकरीचं सांगायला मी गेले तेव्हा सर दाढी करवायला खाली गेले होते. काकू एकट्याच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी खुशीत होते, बोलत सुटले. चौकशीची हकिकत त्यांना कुणी नीट सांगितली नसेल असं मनाशी धरून मी ती सगळी रंगवून सांगितली, अधिकाऱ्याचा आवाज काढून. “आणि काकू, सर काय सफाईनं निभावून गेले! मुलगी म्हणून नावसुद्धा काय गोड घेतलं होतं, कुमुद.”

काकूंचा हात सुपात थांबला.

“तिनंच आणलं होतं गं ते,” त्या म्हणाल्या. “हे तिला शिकवत होते. कोण, म्हणून विचारलं, तर ‘मी’ म्हणाली. म्हणून पहिली तिची नोंद. पुढच्या पावसाळ्यात घटसर्पानं गेली.”

मी तिथून उठून पळून जायला हवं होतं. त्याऐवजी विचारलं,

“काकू, मग सर कसं हो म्हणू शकले तसं?”

“आदल्या दिवशी दुपारी माझ्यापुढे येऊन बसले. म्हणाले, पहिलं पान तो माणूस उघडणारच. तिला होती म्हटलं तर बाकीचं रजिस्टरही खरं ठरतं, आणि त्या पोराच्या घरची चूल विझते. तुम्हीच सांगा, मी काय म्हणू?” काकूंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. “मीच म्हटलं, तुम्ही खुशाल नाही म्हणून सांगा. तिला मी समजावते.”

त्यांनी सूप पुन्हा जवळ ओढलं. मूठभर तांदूळ निवडून झाल्यावर म्हणाल्या, “समजली असेल. समजूतदार होती. पण नऊच वर्षांची होती गं.”